अमर अय्यारच्या पोतडीतला ऐवज

अमर अय्यारने पहिला डल्ला मारला तेव्हा त्याला जन्मून काही घटकाच झाल्या होत्या. नौशेरवान बादशहाचा वजीर बुजुर्जमेहर भविष्य पाहून मक्केला येऊन राहिला होता. तिथे जन्मणारा एक मुलगा पुढे बादशहावरचं संकट निवारणार, असं त्याचं गणित सांगत होतं. तो मुलगा, म्हणजे अमीर हमजा, टोळीच्या प्रमुखाच्या घरी रीतसर जन्मला. त्याच दिवशी ज्यांच्या घरी मुलगा होईल त्यांनाही वजीर मोहरा देणार, ही बातमी उमय्या नावाच्या उंटवाल्याच्या कानावर गेली. त्याची बायको गरोदर होती, पण दिवस भरले नव्हते. उमय्याला वाट पाहायची नव्हती. त्याने तिच्या पोटात लाथ घातली. मूल जन्मलं, आई मेली, आणि उमय्या ते मूल घेऊन इनामासाठी वजिरापुढे उभा राहिला. वजिराने पोराला मांडीवर घेतलं. पोराने वजिराच्या बोटातली अंगठी हळूच काढून तोंडात धरली.

दास्तान सांगणारे हा प्रसंग हसतहसत सांगतात आणि पुढे निघून जातात. ऐकणारेही हसतात. मला मात्र या साऱ्या प्रचंड कथेत याहून कडू सुरुवात दिसत नाही. एका पोराच्या वाट्याला भविष्यवाणी येते आणि दुसऱ्याच्या वाट्याला बापाची लाथ. दुसरा जे हाताला लागेल ते उचलतो आणि तोंडात लपवतो, कारण लपवायला त्याच्याकडे अजून दुसरी जागा नाही. ती जागा त्याला पुढे मिळते. तिचं नाव झंबील. हे पुस्तक त्या झंबिलीत काय काय गेलं याबद्दल आहे.

ज्यांनी हमजाची दास्तान वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. इस्लामच्या इतिहासातले हमजा हे पैगंबरांचे काका, आणि अम्र बिन उमय्या हेही त्या काळातलं खरं नाव. दास्तानीतले हमजा आणि अमर यांचा या दोघांशी नावापलीकडे फारसा संबंध नाही. फारसीत वाढलेली ही कथा हिंदुस्थानात आली आणि इथे ती अशी पसरली की मूळ घर ओळखू येईनासं झालं. हमजा जग जिंकत फिरतो, परी आणि देव (म्हणजे राक्षस) यांच्याशी लढतो, जादूगारांची मायावी राज्यं, तिलिस्मं, त्याचे वंशज फोडतात. अमर त्याचा दूधभाऊ, जासूद, बहुरूपी आणि वेळप्रसंगी पायातली साखळी. दास्तानीचे चार खांब मानतात: रज्म म्हणजे युद्ध, बज्म म्हणजे मैफल, तिलिस्म आणि अय्यारी. पहिले दोन हमजाचे. चौथा पूर्णपणे अमरचा, आणि खरं सांगायचं तर तिसराही त्याच्यावाचून उभा राहत नाही.

अय्यार ही जमात कथाकारांनी हवेतून काढलेली नाही. नवव्या-दहाव्या शतकात इराण-इराकच्या शहरांतून अय्यारांच्या टोळ्या होत्या. कधी त्या शहराची राखण करत, कधी शहर लुटत, आणि या दोन कामांत त्यांना फारसा विरोध दिसत नसे. सीस्तानातला याकूब बिन लैस, धंद्याने तांबट, अशाच वर्तुळातून वर आला आणि त्याने सफ्फारी घराण्याचं राज्य उभं केलं. ‘समक-ए-अय्यार’ ही फारसी कथा बाराव्या शतकातली. तिचा नायकच अय्यार आहे. दास्तानीपर्यंत येताना अय्याराची टोळी राजाच्या चाकरीत गेली आणि त्याचं सामान ठरून गेलं: फासाचा दोर म्हणजे कमंद, गोफण, खंजीर, फेकायचे आगीचे गोळे, वेषांतरासाठी रंगरोगण आणि बेशुद्धीची पूड. एवढं प्रत्येक अय्याराच्या कमरेला असतंच. आपल्याकडे बहिर्जी नाईकांबद्दल ज्या गोष्टी सांगतात, फकीर होऊन शत्रूच्या गोटात शिरल्याच्या, त्या ज्यांना आवडतात त्यांना अय्यार परका वाटू नये.

अमरकडे या नेहमीच्या सामानाशिवाय जे आहे ते त्याला सरनदीपला मिळालं. हिंदुस्थानच्या लंधौर राजाशी लढायला हमजाची फौज समुद्र ओलांडून तिथे गेली होती. सरनदीप म्हणजे श्रीलंका, आणि तिथला तो डोंगर आजही आहे: 2,243 मीटर उंचीचा, माथ्यावर पावलाचा ठसा असलेला. बौद्ध तो बुद्धाचा मानतात, हिंदू शिवाचा, मुसलमान आदमचा. दास्तानीत तिथे पैगंबर अमरला दर्शन देतात आणि एकेक वस्तू हाती ठेवतात. कुणी काय दिलं याबाबत सगळ्या आवृत्त्या एकमेकींशी जुळत नाहीत, पण मुख्य ऐवज ठरलेला आहे. आदमची झंबील: एक पोतडी, जिच्यात काहीही आणि कितीही मावतं, नगरंसुद्धा. गलीम: पांघरली की माणूस दिसेनासा होतो ती घोंगडी. इलियासचं जाळं: त्याखाली येईल ते, कितीही जड असो, एका माणसाला उचलता येतं. दानियालचा तंबू: त्याच्या आत जादू चालत नाही. वर एक अभय: आपण होऊन तीनदा मृत्यू मागितल्याखेरीज अमरला मरण नाही.

आता हे दान पाहा. हमजाला सोबत देवांना लोळवणारी ताकद मिळते, शस्त्रं मिळतात, घोडा मिळतो. या वस्तू नायकाच्या अंगावर शोभतात. अमरला मिळतं ते घोंगडी, जाळं, तंबू, पोतडी. कोळ्याचं, धनगराचं, फिरस्त्याचं सामान. कथाकारांनी पैगंबरांचा सारा महिमा त्याच्यावर चढवला तरी वस्तूंची जात बदलली नाही. उंटवाल्याच्या पोराला जे हाताळायची सवय असेल तेच त्याला मिळालं. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. दास्तान चौकात आणि जत्रेत सांगितली जाई तशी हवेल्यांतही सांगितली जाई, आणि चौकातल्या माणसाला स्वतःच्या घरात असलेलीच वस्तू अद्भुत झालेली आवडत असणार.

पण पैगंबरांच्या वस्तूंपेक्षा मला झंबिलीत नंतर गेलेला माल अधिक मोलाचा वाटतो, आणि म्हणूनच या पुस्तकात त्याला जागा जास्त दिली आहे. अमर काय गोळा करत नाही? गालिचे, पडदे, पिकदाण्या, हुक्के, ताटं, तबकं, कंदील, मेजवानीतली उरलीसुरली फळं. सरदारांना बेशुद्ध करून तो त्यांच्या अंगावरचे कपडे उतरवतो, दागिने तर सोडतच नाही. एखाद्या दरबारात दारूत पूड मिसळून सगळे आडवे झाले की तो जाळं फेकतो आणि सिंहासनापासून पायपुसण्यापर्यंत सारं गुंडाळून पोतडीत घालतो. कैदीसुद्धा झंबिलीत जातात. दरबारी शुद्धीवर येतात तेव्हा चार भिंती आणि ते स्वतः, बहुधा नागवे, एवढंच उरलेलं असतं.

‘तिलिस्म-ए-होशरुबा’ हा दास्तानीचा सर्वांत गाजलेला भाग. तिथे जादूगार मेला की एकदम अंधार पडतो, वावटळ सुटते, आग आणि दगड बरसतात, आणि त्या गदारोळात एक आवाज ओरडून सांगतो की मला मारलं, माझं नाव अमुक होतं. दास्तानीत हा ओरडा शेकडो वेळा ऐकू येतो. त्याचं भय वाटायला हवं, पहिल्या काही वेळा वाटतंही. पण त्याच अंधारात अमर चाचपडत मेलेल्या जादूगाराचे दागिने काढत असतो, आणि उजाडायच्या आत त्याला निघायचं असतं. एकदा हे चित्र डोळ्यांपुढे आलं की तो आवाज नुसता भीषण राहत नाही. कुठल्याही महाकाव्यात युद्धानंतरचं मैदान असतं. प्रेतांच्या बोटांतल्या अंगठ्या कोण काढतं, हे मात्र फारच थोडी सांगतात.

आणि एवढं करून हा माणूस सतत रडत असतो. आपण कफल्लक आहोत, मुलाबाळांना काय खाऊ घालू, कामगिरीवर निघायचं तर वाटखर्ची कोण देणार. हमजाचे सरदार त्याला थैल्या देतात तेव्हा तो त्या मोजून घेतो आणि कमी पडल्याची कुरकुर करतो. साऱ्या जगाचा खजिना काखेत आणि हात पसरलेला. कथाकारांनी यातून जितका हशा काढता येईल तितका काढला. त्याचं रूपही त्यांनी तसंच घडवलं: जिऱ्यासारखे डोळे, दोऱ्यासारखी मान, दोरखंडासारखे हातपाय, धडापेक्षा कितीतरी लांब तंगड्या. तो धावतो मात्र असा की घोडा मागे पडावा.

हा चिक्कूपणा निव्वळ विनोदासाठी आहे असं मानणाऱ्यांनी काफ पर्वताचा भाग वाचावा. परींच्या राजाच्या मदतीला हमजा काफला जातो. जाताना सांगतो, अठरा दिवसांत येतो. त्या अठरा दिवसांची अठरा वर्षं होतात. मागे राहते त्याची प्रिया मेहरनिगार, म्हणजे नौशेरवानचीच मुलगी, आणि सोबत सगळी छावणी. नौशेरवानची फौज तिला परत न्यायला पाठलागावर. हमजा परीलोकात देव मारतो, तिथे लग्न करतो, त्याला मुलगी होते. इकडे अठरा वर्षं छावणी कोण सांभाळतो? अमर. एक किल्ला कपटाने घ्यायचा, आत शिरून दरवाजे लावायचे, धान्य संपेपर्यंत तग धरायचा, मग रातोरात सगळ्यांना घेऊन दुसरा किल्ला गाठायचा. शत्रूच्या गोटात घुसून रसद पळवायची. लग्नघरात कोठीची किल्ली ज्याच्याकडे असते, तो माणूस पाहुण्यांना जसा कद्रू वाटतो तसाच अमर हमजाच्या सरदारांना वाटतो. पंगत उठवण्याची जबाबदारी त्यांच्यावर नसते.

हमजा दानशूर आहे. जिंकलेलं राज्य तो हरलेल्याला परत देतो, लुटीकडे ढुंकून पाहत नाही. नायकाने असंच वागायचं असतं. त्याच्या या औदार्यानंतर दुसऱ्या दिवशी सैन्याच्या चुली पेटायच्या असतात, आणि तेव्हा सगळे अमरकडे बघतात. त्याच्या पोतडीचा इतिहास मला म्हणूनच चोराच्या लालसेपेक्षा कोठीवाल्याच्या धास्तीचा वाटतो. ज्याचा जन्मच काही मोहरांसाठी वेळेआधी घडवून आणला गेला, त्याला पुरेसं म्हणजे किती हे कुणी शिकवणार नव्हतं.

इथे कथाशास्त्राचाही एक पेच आहे, आणि तो पुस्तकभर पुन्हापुन्हा येईल. अदृश्य करणारी घोंगडी, कशालाही उचलणारं जाळं, जादू अडवणारा तंबू, आणि अमर्याद पोतडी: एवढं सामान असलेल्या माणसाची गोष्ट दहा पानांत संपायला हवी. गलीम पांघरावी, जादूगारांचा बादशहा अफरासियाब झोपला असताना आत शिरावं, जाळ्यात गुंडाळून झंबिलीत टाकावं. होशरुबाचे तर छापील खंडच सात, त्यातल्या पाचव्याचे दोन भाग. कथाकारांनी हे कसं जमवलं?

काही उपाय उघड आहेत. अफरासियाबपाशी सामरीचा ग्रंथ आहे, तो उघडला की कोण कुठे आहे आणि कोणत्या वेषात आहे ते कळतं. त्याच्याकडून सरसर शमशीरजन आणि तिच्या सोबतिणी या बायका-अय्यार अमरवर सोडलेल्या आहेत, आणि त्या त्याला त्याच्याच विद्येत गाठतात. तिलिस्माच्या एका भागातून दुसऱ्यात जायला वाहत्या रक्ताची नदी ओलांडावी लागते. शिवाय तिलिस्म फोडायला लौह लागते, एक पाटी, आणि ती ज्याच्या नावावर आहे त्याच्याच हातून काम होतं. होशरुबात तो मान हमजाच्या नातवाचा, असदचा. म्हणजे ज्या एका वस्तूने सारं संपेल ती वस्तू अमरची नाही, आणि चोरूनही त्याच्या उपयोगाची नाही.

पण सर्वांत सुंदर उपाय अमरच्या स्वभावात दडवलेला आहे. त्याची पोतडी आत जाताना सताड उघडी आणि बाहेर येताना शिवलेली. काही काढून द्यायचं म्हटलं की त्याचा जीव जातो. साधी मोहर बाहेर काढतानासुद्धा तो हुज्जत घालतो, परत कधी मिळेल ते विचारतो. पैगंबरांनी दिलेल्या वस्तूही तो जपून, नाइलाज झाला तरच वापरतो. बहुतेक जादूगारांना तो रंगरोगण, गोड गळा आणि बेशुद्धीची पूड यांवर गारद करतो, कधी म्हातारी होऊन, कधी गवई होऊन, कधी जादूगाराच्याच प्रेयसीचं रूप घेऊन. अमर उदार असता तर दास्तान सातव्या दिवशी आटोपली असती. त्याच्या कंजुषीने कथा जिवंत ठेवली. हे कथाकारांनी ठरवून केलं की आपोआप घडलं हे सांगणं कठीण. पण सतराव्या शतकात अब्दुन्नबी कजवीनी नावाच्या कथाकाराने हमजाची कथा कशी सांगावी यावर ‘तिराज-उल-अखबार’ नावाचा फारसी ग्रंथच लिहिला, तेव्हा या लोकांना आपल्या हत्यारांची जाण नव्हती असं समजायचं कारण नाही.

शत्रूपक्षाच्या वस्तूंसाठी एक प्रकरण वेगळं ठेवलं आहे. होशरुबातले जादूगार एकमेकांवर पोलादी गोळे फेकतात, आणि त्याबरोबर मंतरलेली लिंबं, महाळुंगं, नारळ, उडदाचे दाणे. हे वाचून मराठी वाचक थबकेल. तिठ्यावर ठेवलेल्या उताऱ्यातलं हेच सामान, ज्यावर पाय पडू नये म्हणून आपण बाजूने जातो. फारसीतून आलेल्या कथेने हिंदुस्थानात मुक्काम केला तेव्हा इथल्या करणीची सामग्री तिने बिनबोभाट उचलली. अमरनेही तेच केलं असतं.

देवाणघेवाण काही एकाच दिशेने झाली नाही, आणि अद्भुत वस्तू गोळा करणारा लबाड माणूस आपल्याकडे हमजाच्या कितीतरी आधीपासून आहे. गुणाढ्याची ‘बृहत्कथा’ हरवली, पण परंपरा तिला सातवाहनांच्या दरबाराशी, म्हणजे आपल्या पैठणशी जोडते. तिच्यावरून अकराव्या शतकात सोमदेवाने काश्मिरात ‘कथासरित्सागर’ रचला. त्यात पुत्रकाची गोष्ट आहे. विंध्याच्या रानात मयासुराची दोन मुलं भांडत असतात, वडिलार्जित इस्टेटीवरून. इस्टेट म्हणजे एक भांडं, एक काठी, एक पादुकांची जोडी. भांडं हवं ते अन्न देतं, काठीने लिहिलेलं खरं होतं, पादुका घालून उडता येतं. पुत्रक म्हणतो, भांडता कशाला, पळायची शर्यत लावा, जिंकेल त्याला सगळं. पोरं धावत सुटतात, पुत्रक पादुका घालून भांडं-काठीसह आकाशात. पुढे त्या काठीने रेघा ओढून तो नगर वसवतो, ते पाटलिपुत्र. मगधाची राजधानी चोरीच्या मालातून उभी राहिली, असं आपले पूर्वज निवांतपणे सांगत होते.

पुत्रक आणि अमर यांच्यातला फरक मात्र मोठा आहे. पुत्रकाला तीन वस्तू पुरल्या. त्याने त्या खर्ची घातल्या, राज्य मिळवलं, गोष्ट संपली. अमर राजा होत नाही. तो गोळा करत राहतो.

या दास्तानीवर भुललेल्यांची यादी मोठी आहे. दोघा-तिघांची नावं तरी घ्यायला हवीत. अकबराने तरुणपणी, 1562 च्या सुमारास, ‘हमजानामा’ चितारायला घेतला. मीर सय्यद अली आणि नंतर अब्दुस्समद यांच्या देखरेखीखाली सुमारे पंधरा वर्षं काम चाललं आणि कापडावर जवळजवळ 1,400 मोठी चित्रं झाली. आज त्यातली दोनशेसुद्धा उरलेली नाहीत. 1881 मध्ये लंडनच्या संग्रहालयासाठी खरेदी करत फिरणाऱ्या कॅस्पर पर्डन क्लार्क यांना काही चित्रं श्रीनगरमध्ये सापडली. तिथे ती थंडी अडवायला खिडक्यांना लावलेली होती. बादशाही खजिन्यातली वस्तू आणि तिचा हा उपयोग! अमरला यात काही वावगं वाटलं नसतं. त्याने खिडक्याही नेल्या असत्या.

मिर्झा गालिब यांनी एका पत्रात आपल्या सुखाचं वर्णन केलं आहे: हातात हमजाच्या दास्तानीचा जाडजूड ग्रंथ, आणि कोठीत मद्याच्या सतरा बाटल्या, दिवसा वाचायचं, रात्री प्यायचं. 1871 मध्ये लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने अब्दुल्ला बिलग्रामी यांनी सुधारलेली एका खंडातली दास्तान काढली आणि पुढे 1883 पासून होशरुबा. पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांचे, नंतरचे अहमद हुसेन कमर यांचे. सगळी मिळून ही मालिका 46 खंडांवर गेली. एवढे सगळे खंड एकत्र मिळणंच दुरापास्त झालं होतं. शम्सुर्रहमान फारुकी यांनी ते वर्षानुवर्षं खपून जमवले, वाचले आणि त्यांवर लिहिलं. दिल्लीचे शेवटचे मोठे दास्तानगो मीर बाकर अली 1928 मध्ये वारले. 2005 मध्ये फारुकींच्याच प्रेरणेने महमूद फारुकी यांनी पांढरे अंगरखे घालून दास्तान पुन्हा मंचावर आणली, तेव्हा सर्वांत जास्त टाळ्या अर्थातच अय्यारीला पडल्या.

मराठी वाचकापर्यंत ही कथा आडवाटेने आली. एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी सुरू केलेल्या अरबी गोष्टी, हातिमताई, गुलबकावली यांची मराठी रूपं घरोघर वाचली गेली. हमजाला तो मान मिळाला नाही. निजामाच्या राज्यात उर्दू शाळांतून शिकलेल्या मराठवाड्यातल्या जुन्या पिढीला तो मुळातून वाचणं शक्य होतं. बाकीच्यांना अय्यार भेटले ते देवकीनंदन खत्री यांच्या ‘चंद्रकांता’तून, आणि त्याहून जास्त 1994 पासून दूरदर्शनवर लागलेल्या मालिकेतून. खत्रींनी होशरुबाची परंपरा उचलली आणि तिच्यातलं अद्भुत काढून टाकलं. त्यांच्या तिलिस्मात यंत्रं आहेत, कळा आहेत, भुयारं आहेत. ऐयाराच्या कमरेला बटवा आहे, पण त्यात मावेल तेवढंच मावतं: बेशुद्धीची पूड, शुद्धीवर आणणारा लखलखा, रंग, कमंद. शिस्तीचं सामान. मला ‘चंद्रकांता’ आवडते, पण तो बटवा पाहिला की वाईट वाटतं. अमर्याद पोतडीचं रूपांतर प्रथमोपचाराच्या पेटीत झालं.

तिकडे अमेरिकेत 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. त्यातही एक जादूची पिशवी आहे: दहा हजार सुवर्णमुद्रा भरल्या तरी तीनशेचंच वजन लागतं. आज मोबाइलवर खेळणाऱ्या पोराच्या नायकाकडे जी सामानाची चौकटी असते ती बऱ्याच अंशी या घराण्यातली. तिथे वस्तू गोळा करणं हाच खेळ झालेला आहे, आणि नको ती वस्तू एका बटणात विकता येते. हमजाच्या छावणीत असं गिऱ्हाईक नव्हतं. अमरचा माल विकला जात नाही, मोडीत निघत नाही, आणि त्याची कधी मोजदादही होत नाही. आम्हीही ती केलेली नाही. कुणी झंबिलीतल्या वस्तूंची संपूर्ण सूची मागेल तर ती इथे मिळणार नाही. 46 खंडांच्या अनेक कथाकारांनी त्या पोतडीत आपापला माल टाकला आहे, आणि एकाने टाकलेलं दुसऱ्याने विसरूनही गेलेलं आहे.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल थोडं. वस्तूंचा क्रम त्यांच्या पावित्र्यानुसार लावावा, आधी पैगंबरांचं दान आणि शेवटी लूट, असं एकदा ठरत होतं. ते बदललं. आता आधी लूट आहे, मग अय्यारांचं नेहमीचं सामान, मग सरनदीपच्या वस्तू आणि शेवटी जादूगारांची. नाव आम्ही ‘अमर’ असं लिहिलं आहे. पाकिस्तानातल्या मुलांच्या पुस्तकांत आणि 2024 मध्ये तिकडे निघालेल्या चित्रपटात तो ‘उमरो’ आहे, जुन्या फारसी पोथ्यांत आणखी वेगळा. चित्रं हमजानाम्याच्या उरलेल्या पानांवरून नव्याने काढून घेतली आहेत. त्यांत अमर ओळखायला सोपा: गर्दीत जो आडोशाला आहे आणि ज्याचे हात रिकामे नाहीत, तो.

वाचकाने कुठूनही सुरुवात केली तरी चालेल. एकच सांगणं आहे. इलियासच्या जाळ्याचं प्रकरण काफच्या प्रकरणाआधी वाचू नये. किल्ल्यात कोंडलेली माणसं अठरा वर्षं कशी जेवली हे ठाऊक नसेल, तर दरबारातली ताटं-वाट्या गोळा करणारा अमर नुसता चोर वाटतो.